गाळाने राखलेले: एव्हरग्लेड्सविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशावर आणि तेथील प्राचीन लोकांवर आम्ही एक छोटे टिपण दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या तलावांच्या पट्ट्यातून आली आहेत, याचे आम्हाला नवल वाटले नाही. ज्यांच्या वाचनात ते टिपण आले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, फ्लोरिडाच्या दक्षिण भागात ओकीचोबी नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. पूर्वी पावसाळ्यात ते भरून वाहू लागले की त्याचे पाणी अनेक कोस रुंद पसरून, गुडघाभर खोलीने आणि डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या संथपणे दक्षिणेकडे समुद्राला जात असे. या पाण्यात करवतीसारख्या कडांचे उंच गवत वाढते आणि मधूनमधून झाडांची बेटे दिसतात. खाली चुनखडक आहे आणि त्यावर कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर, म्हणजे पीट. आपल्यासारखाच तेथेही वर्षाचा ओला आणि कोरडा असा सरळ भाग पडतो; पाऊस मुख्यतः मे ते ऑक्टोबर या काळात येतो. नैर्ऋत्य किनाऱ्यावरील कालूसा हे मासेमारीवर जगणारे लोक, विंडोवर येथील तळ्यातील दफने आणि मायामीचे वर्तुळ यांचाही त्या टिपणात उल्लेख होता.

आम्ही मुलांना शिकवतो की शेती आली, धान्य साठले आणि मग गावे, राजे व सैन्य उभे राहिले. कालूसा लोक शेती करीत नसत आणि तरीही त्यांना राजा होता, हे आपले विधान या क्रमात कसे बसवायचे?
(एक शिक्षक, लाखांदूर, जि. भंडारा)

ते त्या क्रमात बसत नाही, आणि म्हणूनच कालूसांचा अभ्यास अमेरिकेतील पुरातत्त्वज्ञांना इतका मोलाचा वाटतो. फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, जेथे गोड पाणी खाऱ्या पाण्याला मिळते त्या उथळ खाड्यांत, या लोकांची वस्ती होती. त्यांचे मुख्य ठाणे एस्टेरो उपसागरातील एका बेटावर होते. त्या बेटाला आज माउंड की म्हणतात. शंभर एकरांहून मोठे असलेले हे बेट बव्हंशी माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे, शंखांचे आणि माशांच्या काट्यांचे बनलेले आहे, आणि त्याचा सर्वांत उंच भाग तीस फुटांहून अधिक आहे. सपाट, पाण्याच्या पातळीला टेकलेल्या त्या प्रदेशात तीस फूट म्हणजे डोंगरच समजावा.

स्पॅनिश सेनानी पेद्रो मेनेन्देस दे आविलेस १५६६ साली तेथे गेला, तेव्हा त्याच्या बरोबरच्यांनी लिहून ठेवले की राजाच्या घरात दोन हजार माणसे दाटी न होता उभी राहू शकत होती. हा आकडा फुगवलेला असावा असे पुष्कळ दिवस मानले जात होते. पुढे उत्खननात टेकडीच्या माथ्यावर एका प्रचंड इमारतीच्या खांबांच्या खुणा मिळाल्या, आणि तिचा आरंभ स्पॅनिश लोक येण्याच्या कित्येक शतके आधी झाला होता असे दिसले. दोन हजार माणसे मावत होती की नाही, हा मुद्दा त्यानंतर तितकासा महत्त्वाचा राहिला नाही.

आता आपल्या मूळ शंकेकडे येऊ. राजाला धान्य लागत नाही. त्याला लागते ती साठवण, आणि त्या साठवणीवरचा ताबा. माउंड की बेटाच्या मधून एक मोठा कालवा खणलेला आहे आणि त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना शिंपल्यांचे बांध घालून तयार केलेली आयताकृती कुंडे आहेत. त्यांतील सर्वांत मोठे कुंड पाऊण एकराहून थोडे अधिक भरते आणि त्याचा बांध सुमारे तीन फूट उंच आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ही कुंडे इसवी सन १३०० ते १४०० च्या दरम्यानची आहेत, आणि कालव्यातून आत घेतलेले मासे जिवंत कोंडून ठेवण्यासाठी ती बांधली गेली. बांधाला कालव्याच्या बाजूने मोकळी तोंडे ठेवलेली आहेत. मासे आत शिरले की ती जाळीने किंवा ताटीने बंद करता येत असावीत. ज्याने बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, सांडव्याशी पावसाळ्यात मासे अडवताना पाहिले आहेत, त्याला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की तेथे ते काम राजवाड्याच्या पायथ्याशी, शेकडो माणसांच्या श्रमाने, कोणाच्या तरी हुकमाखाली होत होते.

तेव्हा पाठ्यपुस्तकातील क्रम चुकीचा आहे असे मुलांना सांगू नये. तो एकमेव नाही, एवढे मात्र अवश्य सांगावे. कालूसांना वनस्पती लावणे मुळीच माहीत नव्हते असेही नाही. पाइनलँड या त्यांच्या दुसऱ्या मोठ्या वसाहतीच्या उत्खननात पपईच्या आणि मिरचीच्या बिया मिळाल्या आहेत, आणि भोपळे तर ते जाळ्यांसाठी वापरतच. परसात मिरची लावणारा समाज मक्याचे शेत करू शकला नसता काय? त्यांना त्याची गरज भासली नाही, असेच म्हणावे लागते. ओकीचोबीच्या पश्चिमेला फोर्ट सेंटर या ठिकाणी मोठी वर्तुळाकार मातीकामे आहेत. तेथे फार पूर्वी मक्याची लागवड होत होती, असे १९६६ ते १९७१ या काळातील उत्खननानंतर मानले गेले. परंतु पुढील तपासण्यांत त्या मक्याचा पुरावा फार अलीकडच्या काळातला ठरला. विद्वानांनाही मोठी कामे दिसली की तेथे शेत असलेच पाहिजे असे वाटते. आपल्या पुस्तकांचे काय घेऊन बसलात.

ही पाणथळ मुळात किती जुनी आहे? माणसे आधी आली की पाणी?
(एक वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

माणसे आधी आली. उत्तर फ्लोरिडात ऑसिला नदीच्या पात्रात पेज-लॅडसन नावाचे स्थळ आहे. तेथे हत्तीच्या कुळातील मॅस्टोडॉन या नामशेष प्राण्याच्या अवशेषांबरोबर दगडी हत्यारे मिळाली असून त्यांचा काळ साडेचौदा हजार वर्षांपूर्वीचा ठरला आहे. त्या वेळी समुद्राची पातळी फार खाली होती, फ्लोरिडाची भूमी आजच्या जवळजवळ दुप्पट रुंद होती आणि दक्षिणेकडचा भाग कोरडा होता. आजची एव्हरग्लेड्स आकाराला आली ती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, समुद्र चढण्याचा वेग मंदावल्यावर. झाडांच्या ज्या बेटांचा वर उल्लेख केला, त्यांतील पुष्कळ बेटांच्या पोटात जुन्या वस्तीचा कचरा सापडतो. हाडे, शिंपले आणि राख यांच्या ढिगांमुळेच ती जागा पाण्याच्या वर आली व तेथे झाडे रुजली, असा तर्क काही संशोधकांनी मांडला आहे. तो खरा असल्यास, आज ज्याला आपण अस्पर्श निसर्ग म्हणून छायाचित्रात पाहतो त्याचा काही भाग कोणाच्या तरी उकिरड्यावर उगवला आहे.

विंडोवर येथील आठ हजार वर्षांपूर्वीच्या कवट्यांमध्ये मेंदू शिल्लक होता, हे वाचून विश्वास बसला नाही. आमच्या शेतात पुरलेले जनावर तर काही वर्षांत नाहीसे होते. मग तेथे असे काय होते?
(एक विद्यार्थिनी, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

आपला अविश्वास योग्यच आहे. सापडले तेव्हा ते खोदणाऱ्यांचाही विश्वास बसला नव्हता. विंडोवर हे एव्हरग्लेड्सच्या बरेच उत्तरेला, टायटसव्हिल शहराजवळचे एक छोटे तळे आहे. १९८२ साली नव्या घरांसाठी रस्ता करताना यंत्र चालवणाऱ्या कामगाराला बकेटमध्ये कवटी दिसली. प्रथम पोलिसांना बोलावले गेले, आणि मग कळले की प्रकरण पोलिसांच्या आवाक्यातले नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या ग्लेन डोरन यांनी १९८४ पासून तीन हंगाम तेथे उत्खनन केले. तळ्याभोवती पंप बसवून पाणी खाली उतरवावे लागले. किमान १६८ व्यक्तींचे अवशेष मिळाले, आणि त्यांतील ९१ कवट्यांत आकसलेला मेंदू शिल्लक होता. काळ सुमारे सात ते आठ हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्या कितीतरी आधीचा.

कारण तीन गोष्टी एकत्र आल्या. मृतदेह कुजवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना प्राणवायू लागतो, आणि पाण्याखालच्या पीटमध्ये तो जवळजवळ नसतो. दुसरे असे की, युरोपातील दलदलींचे पाणी आम्ल असते, त्यामुळे तेथे कातडी टिकते पण हाडे विरघळतात. विंडोवरच्या पाण्यात चुनखडकाचे क्षार मिसळत असल्यामुळे ते उदासीन राहिले आणि हाडे वाचली. तिसरी गोष्ट माणसांनी केली. मृत्यूनंतर एक-दोन दिवसांतच देह कापडात गुंडाळून, गुडघे पोटाशी घेतलेल्या स्थितीत तळ्याच्या तळाशी ठेवला जाई, आणि तो वर येऊ नये म्हणून लाकडी खुंट्या ठोकून कापड खाली दाबून धरले जाई. उन्हात वाट पाहिली असती तर मेंदू टिकला नसता.

ते कापडही मिळाले आहे. ताडासारख्या झाडाच्या तंतूंचे ते बारीक विणकाम असून त्याचे सात प्रकार ओळखले गेले आहेत. शेती नाही, मातीचे भांडे नाही, आणि तरी विणकाम इतके सफाईदार. जेथे ओला गाळ नाही तेथल्या त्याच काळातील माणसांविषयी आपण केवळ दगडी हत्यारांवरून किती अपुरे बोलत असतो, हे त्यावरून कळावे. एका मुलाची गोष्ट मात्र आम्हाला या सर्वांहून अधिक लक्षात राहिली. पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगामुळे त्याला चालता येणे शक्य नव्हते, तरी तो सुमारे पंधरा वर्षांचा होईपर्यंत जगला. फिरस्त्या जीवनात त्याला कोणीतरी उचलून नेत होते.

आपल्या शेताचे म्हणाल तर, आपली काळी माती चार महिने चिंब असते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओले होणे, वाळणे, पुन्हा ओले होणे, हा क्रम कोणत्याही सेंद्रिय वस्तूला सर्वांत घातक. कायम ओले किंवा कायम कोरडे असते तर दोन्ही चालले असते.

आम्ही पिढीजात धिवर आहोत. त्या लोकांकडे लोखंड नव्हते, आणि आपण लिहिले की त्यांच्या भागात कामाचा दगडही नव्हता. मग डोंगे कशाने कोरले आणि जाळी कशाची होती?
(एक मासेमार, नवेगावबांध परिसर, जि. गोंदिया)

डोंगे आगीने आणि शंखाने कोरले. दक्षिण फ्लोरिडातील चुनखडक मऊ आहे. त्याला धार येत नाही. म्हणून मोठ्या जाड शंखाला भोक पाडून, त्यात लाकडी दांडा बसवून हातोडा किंवा तासणी केली जाई. खोडाचा मधला भाग जाळायचा, कोळसा झालेला थर शंखाने खरवडून काढायचा, पुन्हा जाळायचे, असे काम चाले. बारीक कोरीव कामाला शार्क माशाचा दात दांड्यात बसवून वापरत. गेनसव्हिल शहराजवळ न्यूनन्स नावाचे सरोवर आहे. २००० साली मोठ्या दुष्काळात त्याचे पाणी हटले, तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात १०१ डोंगे मोजले गेले. त्यांतील काही पाचशे वर्षांचे तर काही पाच हजार वर्षांचे आहेत. एकाच काठावर इतक्या पिढ्यांनी आपले डोंगे सोडले, आणि दुष्काळ पडेपर्यंत ते कोणाला दिसले नाहीत.

जाळी ताडवर्गीय झाडांच्या व इतर वनस्पतींच्या वळलेल्या दोरीची होती. तरंगण्यासाठी वर लहान भोपळे किंवा लाकडाचे तुकडे, आणि खाली वजनाला भोके पाडलेले शिंपले, अशी रचना होती. आपल्याकडे भोपळ्याचा आधार घेऊन पाण्यात उतरणारे लोक आजच्या वृद्धांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे हा भोपळा आपणास परका वाटू नये. जाळ्याची आस, म्हणजे त्याच्या भोकांचा आकार, सारखी राहावी यासाठी हाडाच्या किंवा शिंपल्याच्या छोट्या पट्ट्यांची मापे ते वापरत. खाडीत सर्वांत जास्त मिळे तो मलेट, म्हणजे कोकणात ज्याला बोई म्हणतात त्या जातीचा, थव्याने फिरणारा मासा.

मायामी शहरात सापडलेले दगडी वर्तुळ आणि आमच्या जुनापाणीची शिळावर्तुळे यांचा काही संबंध असू शकतो काय?
(एक वाचक, हिंगणा, जि. नागपूर)

नाही. वर्तुळ हा आकार माणसाला कोठेही सुचतो. जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा येथील वर्तुळे ही जमिनीवर मोठे धोंडे मांडून केलेली दफने आहेत. जुनापाणीत अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत, आणि आत लोखंडी वस्तू व काळी-तांबडी भांडी मिळतात. मायामीचे वर्तुळ याच्या उलट, खडकात खोदलेले आहे. १९९८ साली मायामी नदीच्या मुखाशी जुनी निवासी इमारत पाडून उंच इमारती बांधण्याची तयारी चालू असताना ते उघडकीस आले. सुमारे ३८ फूट व्यासाच्या परिघावर चुनखडकात कोरलेले २४ मोठे खळगे आहेत, आणि आत-बाहेर लहान भोके शेकड्यांनी. तेथील तेकेस्ता या मूळनिवासी लोकांच्या एखाद्या महत्त्वाच्या इमारतीचे खांब त्यांत रोवले असावेत, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. काळ सुमारे सतराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचा. हे सारे मुळात जुन्या इमारतीच्या शौचकुंडाचे काम आहे अशी शंकाही एका काळी गंभीरपणे घेतली गेली होती, हे नमूद करायला हरकत नाही.

साम्य शोधायचेच असेल तर ते नंतरच्या घटनांत आहे. मायामीत नागरिकांनी आणि शाळकरी मुलांनी आवाज उठवला, आणि १९९९ साली सरकारने २ कोटी ६७ लाख डॉलर देऊन ती जागा विकत घेतली. नागपूरभोवतीची वर्तुळे मुरुमाच्या खाणींनी आणि भूखंडांच्या आखणीने कशी वेढली जात आहेत, ते हिंगण्याच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही.

कालूसा आज कोठे आहेत? आणि त्यांच्या पूर्वजांची हाडे उकरताना कोणाची संमती घेतली गेली होती काय?
(एक गोंड वाचक, धानोरा, जि. गडचिरोली)

कालूसा या नावाने राहणारा समाज आज नाही. १५१३ साली आलेल्या हुआन पोन्से दे लेओन या स्पॅनिश सेनानीला त्यांनी परतवले, आणि १५२१ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा त्यांच्या हल्ल्यात झालेल्या जखमेने तो क्यूबात मरण पावला. स्पॅनिश किल्ला आणि जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांचे मिशन माउंड कीवर तीन वर्षेच टिकले. अठराव्या शतकाच्या आरंभी मात्र रोगराई, आणि उत्तरेकडून इंग्रजांच्या बंदुका घेऊन गुलाम पकडायला येणाऱ्या टोळ्या, यांनी त्यांचा प्रदेश ओस पाडला. १७११ मध्ये काहीजण जहाजाने हवानाला गेले आणि त्यांतील पुष्कळ तेथे आजाराने दगावले. १७६३ मध्ये फ्लोरिडा ब्रिटिशांकडे गेला, तेव्हा किनाऱ्यावर उरलेले बहुतेक लोकही क्यूबाला निघून गेले.

आज तेथे सेमिनोल आणि मिकोसुकी हे समाज आहेत. त्यांचे पूर्वज मुख्यतः आजच्या जॉर्जिया व अलाबामा भागातून अठराव्या शतकात आले, असे इतिहासकार सांगतात. दक्षिणेतील जुन्या लोकांशी आपले नाते आहे, असे सेमिनोल स्वतः सांगतात. अमेरिकी सैन्याशी तीन युद्धे लढून, १८५८ नंतर जे काही शे लोक उरले ते एव्हरग्लेड्सच्या आत शिरले आणि त्यांनी शरणागतीच्या तहावर सही केली नाही. पाण्याच्या वर उचललेला चौथरा आणि ताडाच्या पानांचे छप्पर असलेले, भिंती नसलेले त्यांचे चिकी नावाचे घर त्या परिस्थितीतून आले.

संमतीचे उत्तर सरळ आहे: विंडोवर उघडले गेले तेव्हा तसा नियम नव्हता. १९९० मध्ये अमेरिकेत संघीय कायदा झाला, आणि तेव्हापासून सरकारी निधी घेणाऱ्या संग्रहालयांना आपल्याकडील मूळनिवासींची हाडे व दफनवस्तू जाहीर करून, संबंधित समाजांनी मागितल्यास परत कराव्या लागतात. सेमिनोल समाजाचे स्वतःचे पुरातत्त्व कार्यालय आहे आणि अशा मागण्या ते करीत असते. आपला प्रश्न भारतात अद्याप फारसा विचारला जात नाही, म्हणून तो येथे पूर्ण छापला आहे.

उन्हाळ्यात गावच्या मालगुजारी तलावाचा गाळ काढताना तळाशी डोंग्यासारखे कोरलेले जुने खोड लागले. ते काठावर काढून ठेवले आहे. पुढे काय करावे?
(एका ग्रामपंचायतीचे सदस्य, ता. साकोली, जि. भंडारा)

हे पत्र सर्वांत शेवटी आले, पण उत्तर आम्ही टपालाची वाट न पाहता दूरध्वनीवर कळवले आहे. इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून ते येथे देतो. ते खोड उन्हात ठेवू नये. १८९६ साली फ्रँक हॅमिल्टन कुशिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी फ्लोरिडातील मार्को बेटावरील एका तळ्याच्या गाळातून मुखवटे, वल्ही, नावांच्या छोट्या प्रतिकृती अशा लाकडी वस्तू हजारावर काढल्या. गाळातून निघताना त्यांवरचे रंगही ताजे होते. हवा लागताच पुष्कळ वस्तू काही तासांतच वाकल्या, तडकल्या, भुगा झाल्या. त्यांचे जे रूप आज आपल्याला माहीत आहे, ते त्यांच्या मोहिमेतील चित्रकाराने घाईघाईने केलेल्या रंगचित्रांमुळे. अर्धे माणूस आणि अर्धे मार्जार असे, सहा इंचांचे, गुडघे टेकून बसलेले एक शिल्प मात्र टिकले, आणि ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे.

असे होण्याचे कारण हे की, दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशींतील बळकट भाग झिजून गेलेला असतो आणि त्यांचा आकार केवळ आत भरलेल्या पाण्याने सावरून धरलेला असतो. पाणी उडाले की पेशी आत कोसळतात. स्वीडनमध्ये १९६१ साली समुद्रातून वर काढलेल्या वासा या जहाजावर, पाण्याच्या जागी मेणासारखे रसायन मुरावे म्हणून सतरा वर्षे फवारणी करावी लागली होती.

आपल्याला फवारणी करायची नाही. खोड सावलीत घ्यावे, ओल्या पोत्यांत गुंडाळावे, वरून प्लास्टिकचा कागद टाकावा आणि पोती दिवसातून दोनदा भिजवावीत. घासू नये, तेल लावू नये, चिकटलेला गाळ काढू नये. कोठे आणि किती खोलीवर मिळाले, वर कोणता थर होता, ते जेसीबी चालवणाऱ्याला विचारून आजच लिहून ठेवावे आणि छायाचित्रे घ्यावीत. राज्य पुरातत्त्व विभागाचे कार्यालय नागपुरात आहे, त्यांना कळवावे. खोडाबरोबर नाणी, मूर्ती किंवा भांडी निघाली असल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. ते फार जुने असेलच असे धरून चालू नये. खोडाचे डोंगे आपल्या भागात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत होते, आणि वय तपासणीनेच ठरेल.

आणि कोणी येईपर्यंत एवढी निगा राखणे गावाला शक्य नसेल, तर तलावाच्या ज्या भागातले पाणी मे महिन्यातही आटत नाही तेथे तळाशी खड्डा करून, त्याच गाळात खोड पुन्हा पुरावे आणि जागेवर बांबूची खूण रोवावी. विंडोवरचे जवळजवळ अर्धे तळे आजही मुद्दाम न खोदता तसेच पाण्याखाली ठेवलेले आहे.